तुझी सुकेळी आणि माझी द्वारकाआजी

इनास, तू गेलास हे कळलं तेव्हा मी थाप मारत होतो.

नाशिकच्या एका डॉक्टरांना सांगत होतो, की आमची हृदयाची गोळी घेऊन सटाण्याचा ब्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा असा काही तरतरीत झाला, की त्यानं विहिरीत उडी टाकून बुडती म्हैस काखोटीला मारून वर आणली. साहेब झालो तरी मी अजून महिन्यातले दहा दिवस डॉक्टरांकडे जातोच. थापा मारल्याशिवाय मला जेवण पचत नाही. डॉक्टर हसत होते, लिहायचं पॅड पुढे ओढत होते, आणि खिशातला मोबाइल वाजला. तुझी फिलोमिना. "परब भाऊजी, इनास गेला." एवढंच बोलून वहिनींनी फोन ठेवला. मीही तो खिशात टाकला आणि गोष्ट पुरी केली. डॉक्टर म्हणाले, "मग म्हशीचं काय झालं?" मी म्हणालो, "दूध वाढलं, डॉक्टर."

मग खाली येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मांडीवर बॅग, गळ्यात टाय. समोरच्या माणसाला हवं तेव्हा हसवणारा, हवं तेव्हा रडवणारा मी, आणि स्वतःच्या डोळ्यातून एक थेंब काढता येईना.

तुझं हृदय बंद पडलं. बारा वर्षं आपण दोघांनी हृदयाच्याच गोळ्या विकल्या. वसईपासून डहाणूपर्यंत असा एक दवाखाना नव्हता जिथल्या बाकड्यावर आपल्या दोघांच्या पँटी झिजल्या नव्हत्या. आणि तू त्यातली एकही गोळी न घेता भर सकाळी केळ्यांच्या मांडवाखाली आडवा झालास. माझ्या माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर सँपलची दोन खोकी तेव्हाही पडून होती. कंपनीची इतकी वाईट जाहिरात दुसऱ्या कुणी केली नसेल.

तुझ्या मातीला सगळी वाडी लोटली होती. फादर प्रवचनात म्हणाले, इनासनं मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून बापजाद्यांची कला जिवंत ठेवली, मातीशी इमान राखलं. बायका डोळे पुसत होत्या. मी मागच्या बाकावर बसून वाट बघत होतो, की एवढ्या माणसांत एक तरी जण उठून म्हणेल, "पण फादर, ती सुकेळी आंबट होती." कुणी उठलं नाही. मेलेल्या माणसाची सुकेळी लगेच गोड होतात.

खरं सांगायचं तर पहिल्या चार-पाच वर्षांतल्या तुझ्या सुकेळ्यांइतका प्रवास वसईत कुणी केला नसेल. सोललेलं राजेळी केळं गवताच्या मांडवावर उन्हात आठवडाभर सुकवायचं, सुक्या पानात घट्ट बांधायचं, की झालं सुकेळं. तुझ्या वडिलांच्या हातचं तोंडात ठेवलं की मधासारखं विरघळायचं. तुझ्या हातचं पुडकं मात्र लोक तुझ्यासमोर कपाळाला लावून घ्यायचे आणि वळणावर गेले की दुसऱ्याला भेट द्यायचे. एक पुडकं तू गणपतीच्या सुमाराला तुझ्या मामेबहिणीला दिलंस. तिनं ते नणंदेला दिलं, नणंदेनं शाळेतल्या बाईंना, बाईंनी शिपायाला, शिपायानं राजोडीच्या एका कोळणीला, आणि नाताळात कुणीतरी ते सजवलेल्या टोपलीत घालून तुझ्याच घरी आणून दिलं. तुला तुझी गाठ ओळखू आली नाही. एक खाऊन तू म्हणालास, "कुणाची आहेत रे? अजून शिकायला पाहिजे त्याला."

ही गोष्ट मी तुझ्या मागे शंभर ठिकाणी सांगितली आणि शंभर ठिकाणी टाळ्या घेतल्या. शिपाई आणि कोळीण मी घातले होते. बाकीचं खरं होतं.

आणि विकायला बसलास की काय होतास तू! माझ्या थापा लोक ऐकायचे, हसायचे आणि विसरायचे. तू बोलायचास कमी, पण पालघरच्या डॉक्टरांच्या मुलीची परीक्षा कधी आहे, बोईसरच्या डॉक्टरांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं, सगळं तुला पाठ. तुला नाही म्हणताना डॉक्टरांना आपण स्वतःच्या भावाला नाही म्हणतोय असं वाटायचं. कमरेला पेजर लावून फिरायचे ते दिवस. तुझा पेजर वाजला की अख्ख्या टेरिटरीत दुसऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी दचकायचे. पश्चिम विभागाच्या मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांच्या यादीत पहिलं नाव तुझं होतं. दुसरं माझं. पहिल्या आणि दुसऱ्यात इतकं अंतर होतं की मधून बैलगाडी गेली असती.

आणि बढतीचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात तू राजीनामा दिलास.

माणिकपूरच्या रिक्षास्टँडपाशी, त्या रसवाल्याकडे उभं राहून तू मला सांगितलंस. तुझे वडील जाऊन दीड महिना झाला होता. त्यांनी बांधून ठेवलेलं शेवटचं पुडकं तू घरी जाऊन सोडलंस आणि एक खाल्लंस. बस. तेवढ्यानं तुझं डोकं फिरलं.

"परब, बारा वर्षं लोकांच्या हातात गोळ्या दिल्या. एकाचं तरी तोंड गोड झालेलं बघितलंयस?"

"बरे होतात की साले."

"कोण होतं? तू बघितलास एक तरी? आपण डॉक्टर बघतो, केमिस्ट बघतो, साहेब बघतो. पेशंट कधी बघितला?"

"मी दर आठवड्याला नवा पेशंट बनवतो," मी म्हणालो.

तू हसलास. पण त्या हसण्यात मी नव्हतोच. ग्लासातला बर्फ बघत तू म्हणालास, "आमचा बाप दिवसाला दोनशे केळी सोलायचा. दोनशे वेळा त्याला कळायचं आपण काय करतोय. मला महिन्यातून एकदा कळतं, तेही महिनाअखेरीला, क्लोजिंगच्या दिवशी, आणि तेव्हा लाज वाटते."

मला तेव्हा काय वाटलं, ते त्या दिवशी सांगितलं नव्हतं. पहिल्या क्षणी वाटलं, हा वेडा झाला. दुसऱ्या क्षणी वाटलं, यादीतलं दुसरं नाव माझं आहे.

साहेब मात्र तुझ्यावर लुब्ध. त्यांनी जागा भरलीच नाही. म्हणाले, "तीन महिने थांबतो. उन्हात केळी वाळवून त्याचं डोकं ताळ्यावर येईल." आणि मी तीन महिने रोज सकाळी देवासमोर उदबत्ती लावून तुझं डोकं ताळ्यावर येऊ नये म्हणून प्रार्थना केली. माझ्या घरातल्या देवांना तुझं नाव तोंडपाठ झालं होतं.

त्या पहिल्या हंगामाचं काय वर्णन करू! अर्धी सुकेळी आतून ओली, उरलेली अर्धी चिवट. तुझ्या बैलानं एक तोंडात धरलं आणि चार दिवस तुझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तिसरा महिना संपत आला आणि एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर फिलोमिना वहिनी आमच्या माणिकपूरच्या घरी आल्या. पाणीही घेतलं नाही.

"भाऊजी, तुमचं ऐकतो तो. माझं ऐकत नाही, मी काही बोलले की म्हणतो बायकोला काय कळतं सुकेळ्यातलं. तुम्ही सांगा. तोंडात धरवत नाहीत म्हणावं. साहेब अजून थांबलेत ना? परत जा म्हणावं."

"मी सांगतो, वहिनी."

"गोड गोड बोलू नका. खरं सांगा."

"शपथ, वहिनी. आजच."

आणि त्याच दुपारी मी स्कूटर काढली. निघताना खरंच सांगायचं ठरवलं होतं, हे तुला पटणार नाही. मलाही आता पटत नाही.

तू मांडवाखाली बसला होतास. बनियन, लुंगी, कोपरापर्यंत चिकट हात. तुझे ऑफिसचे टाय, ते निळे, लाल, पट्ट्यापट्ट्यांचे, तू केळीचे घड टांगायला वापरले होतेस. सात-आठ टाय सात-आठ घडांना फासासारखे आवळलेले. मी पोटभर हसलो. तू हसला नाहीस.

"परब, खरं सांग. कशी झालीत?"

मी एका घडाच्या टायची गाठ सरळ करत राहिलो. 

"तू वाईट म्हणालास तर उद्या साहेबांना फोन करतो. मलाही कळत नाही मी काय करतोय. बापाला जमायचं ते मला जमत नाहीये. फक्त एकानं कुणी खरं सांगावं."

वहिनींचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. 'तोंडात धरवत नाहीत.' एवढे तीन शब्द टाकले असते तर दुसऱ्या दिवशी तुझे टाय घडांवरून सुटून तुझ्या गळ्यात आले असते, आणि मी जन्मभर तुझ्या हाताखाली राहिलो असतो.

मी म्हणालो, "इनास, गिरगावात एक आजी आहेत."

आणि द्वारकाआजीचा जन्म झाला. जन्मतःच एक्क्याण्णव वर्षांची. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांबरोबर मी व्हिजिटला गेलो होतो, आजी अन्न घेत नव्हती, माझ्या बॅगेत तुझं पुडकं होतं. एक सुकेळं आजीनं हातात घेतलं, वास घेतला, आणि म्हणाली, हे आमच्या लग्नात वसईहून आलं होतं. सगळं खाल्लं, इनास. बोटं चाटली. मग भिंतीकडे तोंड करून रडली. सुनेनं सांगितलं, दोन वर्षांत आजी पहिल्यांदा रडली. मी सांगत होतो आणि मांडवाच्या गवतातून येणारं ऊन तुझ्या तोंडावर पडत होतं. बघता बघता तुझा चेहरा असा उजळला की मला माझ्याच थापेची भीती वाटली.

"पेशंट," तू म्हणालास. "परब, तू पेशंट बघितलास."

पुढच्या सोमवारी साहेबांनी ती जागा मला दिली. वहिनींना मी सांगितलं, "खूप समजावलं. ऐकायलाच तयार नाही." महिनाभरात वहिनी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात कामाला लागल्या. दिवसभर उभं राहून खोकी भरायचं काम. कसली खोकी? औषधांची. आमच्याच कंपनीच्या गोळ्या तिथं पॅक व्हायच्या. म्हणजे तू ज्या गोळ्यांतून सुटलास, त्या वहिनींच्या बोटांना चिकटल्या. तुझ्या कामात अर्थ आला तो त्यांच्या पोटऱ्यांतून आला, इनास. हे तुझ्या मातीला कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

आजीला पोसणं मात्र सोपं नव्हतं. दर हंगामात तू वेगळं पुडकं बांधायचास, त्यावर सँपलवर लिहितात तशी चिठ्ठी चिकटवायचास: 'आजींसाठी.' मी ते न्यायचो. खाडीच्या पुलाच्या अलीकडे स्कूटर थांबवायचो, त्यातलं एक खायचो आणि बाकीची पाण्यात सोडायचो. त्या खाडीतल्या माशांना साखरेचा विकार जडला आणि भाईंदरचे कोळी त्यांची कालवणं गोड लागतात म्हणून तक्रार करायला लागले. मग आठ-पंधरा दिवसांनी तुझ्याकडे यायचो आणि आजीचा निरोप सांगायचो.

इथं एक गंमत झाली. विलास परब म्हणून मी तुला कधी 'वाईट' म्हणू शकलो नाही. पण आजीच्या तोंडून मला कसलीच लाज नव्हती. ती एक्क्याण्णव वर्षांची, तिला कुणाची भीडभाड? "आजी म्हणाल्या, यंदा जरा घाई झालीय." "आजी म्हणाल्या, बांधताना हात ओला होता का?" "आजींनी थुंकून टाकलं, इनास. माफ कर, पण थुंकलं." तू मान खाली घालून ऐकायचास, वहीत लिहून घ्यायचास, आणि पुढच्या खेपेला ती चूक गेलेली असायची. मी तुझ्यापाशी जेवढं खरं बोललो, ते सगळं त्या नसलेल्या बाईच्या तोंडून.

तिसऱ्या वर्षी मला तुझा मोठा रोग सापडला. महिन्याच्या सुरुवातीची सुकेळी बरी असायची आणि शेवटच्या आठवड्यातली कच्ची. मी डोकं खाजवलं आणि एकदम हसायला लागलो. अरे, तू क्लोजिंग करत होतास! नोकरी सोडून तीन वर्षं झाली, पण महिन्याची अखेर आली की तुझ्यातला औषधवाला जागा व्हायचा. आकडा पुरा झाला पाहिजे म्हणून दुकानदाराच्या गळ्यात न खपणारा माल मारायचो ना आपण, तसा तू तीस तारखेला अर्धीकच्ची केळी मांडवावरून ओढून पानात कोंबत होतास. तुझ्या बापाला तीस तारीख ठाऊकच नव्हती. तो अंगठ्यानं दाबून बघायचा, आणि अंगठा सांगेल तेव्हा उतरवायचा.

"आजी म्हणाल्या," मी तुला सांगितलं, "महिनाअखेरीची कच्ची असतात. तारीख बघून उतरवू नकोस, दाबून बघ."

तू वहीत लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "आजींना सांग, बंद केलं क्लोजिंग." आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून गोठ्यात टांगलंस.

त्यानंतर सुकेळी सुधारत गेली. चांगली नव्हे. सुधारत.

मीही सुधारलो, माझ्या पद्धतीनं. विभागाचा मॅनेजर होतोच, मग झोनचा झालो. केबिन, गाडी, काचेचं टेबल. त्या खुर्चीवर बसून रोज मी पंचवीस जणांना टार्गेट चुकलं म्हणून फोनवर झापायचो, आणि फोन ठेवला की कधीकधी विचार यायचा, की ही खुर्ची मिळवायला मी एक अख्खी म्हातारी खर्च केलीय. मग पुढचा फोन लावायचो.

आणि मग तो राजोडीचा दिवस. माझ्या टीमची वार्षिक मीटिंग समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर ठेवली होती. नवीन भरती झालेले चाळीस जण, सगळ्यांच्या गळ्यात टाय, सुरूच्या झाडांखाली घामानं भिजलेले. मीच तुला बोलावलं, जुना गडी म्हणून मिरवायला. तू टोपलीभर पुडकी घेऊन आलास, लुंगीवर. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. मी भाषणात सांगितलं, की ह्या माणसाचा एक काळ असा होता की ह्यानं नजर टाकली तरी डॉक्टर लिहायचे. टाळ्या पडल्या. तू उठलास आणि म्हणालास, "पोरांनो, परब चांगला माणूस आहे. पण ह्याच्यासारखे होऊ नका. ह्यानं वीस वर्षांत काय केलं हे ह्याला विचारा, सांगता येणार नाही. मी काय केलं ते ह्या टोपलीत आहे. खाऊन बघा."

हशा पिकला. माझ्यावर. माझ्याच पोरांचा.

आणि मी हसत हसत, सगळ्यांसमोर, म्हणालो, "अरे इनास, एक सांगायचं राहिलंच. द्वारकाआजी गेल्या. मंगळवारी."

तू उभाच होतास. "कशानं?"

"तुझं सुकेळं घशात अडकलं."

पोरं पुन्हा हसली. त्यांना वाटलं, साहेबांचा विनोद. तू हसला नाहीस, रागावलाही नाहीस. हातातलं पुडकं टोपलीत ठेवलंस, ते नीट बसत नव्हतं म्हणून पुन्हा काढून ठेवलंस, आणि टोपली तिथंच सोडून चालत गेलास. वाळूत तुझी एक चप्पल रुतली. ती काढायला वाकलास तेव्हा मला वाटलं, आता हाक मारावी. मी पोरांना म्हणालो, "चला, जेवणं तयार आहेत."

महिन्यानं तुझा फोन. आवाज अगदी मऊ. "परब, आजींसाठी मिस्सा ठेवलीय. महिन्याची. तू त्यांच्या नातेवाइकासारखा. यावं लागेल."

मला वाटलं, अजून ह्याचा विश्वास आहे! मी पांढरा शर्ट घातला, वाटेत आजीच्या शेवटच्या दिवसाची गोष्टही रचली. त्यात गंगाजळ होतं, सून होती, एक पोपटसुद्धा होता. तू मला दुसऱ्या रांगेतल्या बाकावर, तुझ्या आणि वहिनींच्या मध्ये बसवलंस. सगळे उभे राहिले. फादरांनी कागद बघून वाचलं: "आजची मिस्सा विलास परब ह्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभावी म्हणून अर्पण करत आहोत."

 चर्चभर माणसं माझ्या आत्म्यासाठी हात जोडून उभी. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईनं मागे वळून हळूच विचारलं, "कोण होता रे बिचारा?" आणि तू डोळे मिटून म्हणालास, "चांगला होता, मावशी. थापा मारायचा." तुझे खांदे हलत होते. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. मी पाऊण तास स्वतःसाठी प्रार्थना ऐकली. मधूनमधून वाटत होतं, की मेलेल्यानं खाली बसावं की उभं राहावं?

बाहेर क्रुसाच्या चौथऱ्यापाशी आलो तेव्हा तू पोट धरून हसत होतास.

"कधीपासून माहीत होतं?"

"क्लोजिंगपासून. गिरगावची अंथरुणातली म्हातारी, आणि तिला महिनाअखेर कळते? अरे, एवढी कच्ची थाप? तू?"

"मग पुडकी कशाला पाठवत राहिलास?"

"तीच एकटी खरं बोलायची. बाकी सगळे कपाळाला लावायचे." तू हसायचा थांबलास. "तिला मारायला नको होतंस, परब. मला काय बोलायचं ते बोल. ती बरी होती."

 मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बोललास, जे तुझ्या मरणापेक्षा मला जास्त लागलं.

"पण पहिल्या वेळचं विसरणार नाही. त्या दिवशी मी परत जाणार होतो. तुला दया आली, म्हणून तू आजी आणलीस. एवढं एक चांगलं काम केलंस आयुष्यात."

ती वेळ होती. क्रूस होता, दिवसाढवळ्याचं ऊन होतं, तू होतास. दया नव्हती रे, इनास. खुर्ची होती. तू अर्धी थाप पकडलीस आणि उरलेली अर्धी चांगुलपणा समजून जपून ठेवलीस. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मग माझी मिस्सा कशाला ठेवलीस?"

"आगाऊ. नंतर तुझ्यासाठी कोण ठेवणार?"

दोन महिन्यांनी तूच गेलास.

तुला आता काय सांगू? की तू बरोबर होतास? पहिली कित्येक वर्षं तू वाईट सुकेळी केलीस आणि एका बाईला उभं ठेवून केलीस. तू विकायला जन्मलेला माणूस होतास आणि ज्या कामाला तुझे हात नव्हते तिथं जाऊन बसलास. आणि तरी मी माझ्या काचेच्या टेबलावर बसून दुपारी दोन वाजता विचार करायचो, की इनास आता काय करत असेल. केळं दाबून बघत असेल. तुला त्या वेळी माझा विचार येत असेल असं मला वाटत नाही. आपल्या वादात एवढा एक मुद्दा तू जिंकलास. बाकीचे मी अजून सोडलेले नाहीत.

परवा तुझ्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी वाडीत आलो. मांडव तसाच होता, वरचं गवत थोडं सरकलेलं. एका घडाला अजून तो निळा टाय होता. वहिनींनी आतून एक पुडकं आणलं. त्यावर तुझी चिठ्ठी, तुझं अक्षर: 'परबसाठी. स्वतः खा.'

"तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं त्यानं," वहिनी म्हणाल्या. "शेवटच्या खेपेतलं. मी अजून चाखलेलं नाही, धीर होत नाही. तुम्ही खाऊन सांगा, कशी झालीत. खरं सांगा हं, भाऊजी."

मांडव तोच, प्रश्न तोच. मी गाठ सोडली, एक तोंडात टाकलं, गिळलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या बोटांना कारखान्यातल्या चिकटपट्टीचे चरे होते. माझ्याकडे चार उत्तरं तयार होती, चारही सुंदर.

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. तो परत जायला तयार होता. मला ती जागा हवी होती."

पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही कुठला दिवस. मग कळलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर ती सगळी वर्षं एकामागून एक बसताना बघितली, रोज सकाळची गोखिवऱ्याची रिक्षा, रोज संध्याकाळचे सुजलेले पाय.

"मी दर रविवारी तुमच्यासाठी प्रार्थना करायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, एकानं तरी त्याला खरं सांगून बघितलं."

मग त्यांनी माझ्या हातातलं पुडकं काढून घेतलं. सुटलेली पानं जुळवली, गाठ मारली, तुझी चिठ्ठी अंगठ्यानं खरवडून काढली.

"निघा आता."

मी निघालो. खाडीच्या पुलाच्या अलीकडे नेहमीच्या जागी थांबलो. ह्या वेळी पाण्यात टाकायला काही नव्हतं. जिभेवर अजून चव होती.

इनास, ते चांगलं झालं होतं. तुझ्या बापाच्या हातच्यासारखं. मी फुगवून सांगत नाहीये. वहिनींनी विचारलं होतं आणि त्यांना मी ते सांगितलं नाही, आता त्या विचारणार नाहीत, आणि मी सांगितलं तर दुसरं कुणी विश्वास ठेवणार नाही. जिच्या तोंडून सांगितलं असतं तर तू मान खाली घालून वहीत लिहून घेतलं असतंस, तिला मी राजोडीला चाळीस माणसांसमोर मारून टाकलं.